सशांची राखण

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी बाटल्यांची झाकणं तपासते. अठरा वर्षं हेच काम. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मी झाकण पिरगळून बघते, बाटली उलटी धरते, दाबते आणि गळली तर बाजूला काढते. एवढ्या वर्षांत एक खोड जडली आहे. कुठलीही बंद गोष्ट दिसली की ती खरंच बंद आहे का, हे मी हात लावून बघते. गॅसचं बटण, कपाटाची कडी, दुसऱ्याच्या डब्याचं झाकणसुद्धा. नवरा म्हणायचा, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज तपासणीला उभं राहणं. त्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं. बाकी बरंच खोटं होतं, म्हणून गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता मी विठ्ठलवाडीचा फ्लॅट सोडला आणि पालेगावला बाबांकडे आले. सोबत दोन बॅगा आणि दोन ससे होते.

खरं तर दोघी माद्या. एक पांढरी, एक करडी. उल्हासनगरच्या बाजारातून आणल्या तेव्हा दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, "जोडी है मॅडम, साल में घर भर जाएगा." दोन वर्षं झाली, घर काही भरलं नाही, तेव्हा कळलं की दोघी बहिणी आहेत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नवऱ्याशी बोलणं कमी होत गेलं तसा माझा वेळ गॅलरीत त्यांच्याजवळ जायला लागला. ससे बोलत नाहीत, टोमणे मारत नाहीत, आणि कोथिंबिरीची काडी पुढे केली की जगातलं सगळं सोडून ती खातात. मला तेवढं पुरत होतं.

बाबांनी मला काही विचारलं नाही. का आलीस, किती दिवस, जावई काय म्हणतात, काही नाही. टोपलीतून डोकं वर काढलेल्या पांढरीकडे बघून एवढंच म्हणाले, "ह्या काय खातान?"

मी बाबांना अरे-तुरे करते, आमच्या घरात सगळेच करतात. लिहिताना मात्र हात आपोआप 'बाबा म्हणाले' असं लिहितो. तर बाबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, जमीन गेलेला शेतकरी. आमच्या शेतावर आता सतरा मजले उभे आहेत. उरलंय ते हे घर, पुढची पडवी, मागचं अंगण, एक रायवळ आंबा आणि एक काळा कुत्रा. आधी कोंबड्याही होत्या. पण पहाटे कोंबडा आरवतो म्हणून टॉवरमधल्या लोकांनी तक्रार केली, तेव्हा बाबांनी कोंबड्या एकेक करून नातेवाइकांत वाटून टाकल्या. आई गेल्यापासून घरात बाबा आणि कुत्रा असे दोघंच. दोघांचं जेवण एकाच वेळेला व्हायचं, बाबांचं पडवीत आणि त्याचं पायरीवर.

अडचण झाली ती उन्हाची. घरावर सिमेंटचा पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री दोनपर्यंत घर भाजत राहतो, आणि आमच्याकडची वीज जायला रात्रच निवडते. सशाला घाम येत नाही. त्याचे कान तापतात, तो लांब पसरतो, धापा टाकतो आणि तसाच जातो. दुसऱ्याच रात्री करडी फरशीवर पसरून धापा टाकायला लागली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. ओल्या फडक्यानं तिचे कान पुसत मी रात्र काढली. मागच्या अंगणात, आंब्याखाली मात्र रात्री छान गार असतं. म्हणजे त्यांना रात्री बाहेर ठेवणं भाग होतं. आणि बाहेर काय काय आहे, ते मला लहानपणापासून माहीत होतं. मुंगूस, घूस, धामण, रानमांजर, आणि बांधकामांवरची भटकी कुत्री.

बाबा म्हणाले, कोंबड्यांची जाळी पडलीय, ती मारतो. मी नाही म्हटलं. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्यानं दात लावला की ती फाटते. हे मी फोनवर वाचलं होतं, आणि एकदा वाचलं की मी कुणाचं ऐकत नाही. उल्हासनगरहून पाव इंची भोकांची जाड जाळी आणली. लोखंडी चौकट फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. जाळी चारही बाजूंनी, वरून, आणि खालूनही. कडेनं हातभर खोल चर खणून तीच जाळी जमिनीत गाडली, म्हणजे घुशीनं उकरलं तरी तिचं डोकं लोखंडावर आपटावं. चर बाबांनी खणला. त्या वयात, त्या उन्हात. मी त्यांच्या डोक्यावर उभी राहून अजून वीतभर, अजून वीतभर असं म्हणत होते.

दाराला दोन कड्या आणि एक कुलूप. आत आंब्याची पेटी उलटी घालून तिला दोन तोंडं कापली, एकातून काही आलं तर दुसऱ्यातून पळता यावं म्हणून. अंगणाच्या फाटकाला आजवर नुसती दोरी होती, तिथंही नवीन कडी बसवली. मग पेन्सिल घेतली. साधी, शाळेतली. जाळीला, दाराच्या फटीला, कोपऱ्यातल्या प्रत्येक सांध्याला ती लावून बघितली. पेन्सिल आत गेली तर उंदीर येऊ शकतो, अंगठा गेला तर साप, दोन बोटं गेली तर मुंगूस. पेन्सिल कुठंच गेली नाही. बाबा हे सगळं पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "सोन्याचा दुकान हाय का गो ह्यो?" मी हसले. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन.

पहिल्या दोन रात्री मी खिडकीत बसून काढल्या. झोप लागायची आणि दचकून उघडायची. तिसऱ्या रात्री धप असा आवाज आला. ससा घाबरला की मागचे पाय जमिनीवर आपटतो, दुसऱ्याला सावध करायला. टॉर्च मारला तर जाळीच्या छतावर एक बोका बसला होता आणि खाली बघत होता. मी ओरडले, तो गेला. पण तो पुन्हा येणार हे उघड होतं, आणि मला सकाळी कामावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, कुत्र्याला रात्री पुढं नको बांधूस. मागं बांध, जाळीजवळ. बोका फिरकायचा नाही."

बाबांचा चेहरा उजळला. राखण हे त्यांचं काम. भाजीचा मळा होता तेव्हा ते रात्र रात्र माळ्यावर बसायचे, आणि नुकसान जिथून येणार तिथं कुत्रा बांधायचे. कोंबड्या होत्या तेव्हा खुराड्याच्या दारालाच कुत्रा बांधलेला असायचा, आणि कोंबड्या आत खुशाल झोपायच्या. "तो हाय तर चिंता नाय," ते म्हणाले, आणि जेवण अर्धवट टाकून दोरी बघायला गेले.

त्या रात्री मी झोपले. किती महिन्यांनी अशी झोप लागली, सांगता येणार नाही. टेबलफॅन कानाशी घरघरत होता आणि मी सकाळी साडेसहापर्यंत कूस बदलली नाही. ही झोप मला अजून माफ करता येत नाही.

उठले तर बाबा पडवीत चहा घेऊन बसलेले. खुशीत होते. "रातभर नाचत व्हत्या तुज्या पोरी," म्हणाले. "धप धप, धप धप. काय तो नाच." माझ्या डोळ्यांवर अजून झोप होती. मला आवाजाचा अर्थ कळायला हवा होता. मी नुसतं हं म्हटलं, कोथिंबीर घेतली आणि मागं गेले.

कुत्रा जाळीला नाक लावून बसला होता. मला बघून त्यानं शेपटी हलवली, पण नाक हलवलं नाही. आत पांढरी आडवी पडली होती. पाय ताणलेले, डोळे उघडे. एक थेंब रक्त नव्हतं. कुलूप लावलेलं, दोन्ही कड्या जागच्या जागी. मी दार उघडून तिला उचललं तर ती कडक झाली होती. करडी पेटीत, अगदी मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि तिच्या अंगाला बारीक थरथर होती.

मी काय केलं असेल? पेन्सिल आणली. लाज वाटते लिहायला, पण मेलेला ससा मांडीवर घेऊन मी एकेक सांधा पुन्हा तपासला. पेन्सिल कुठंच आत गेली नाही. माझ्या कामाच्या भाषेत, माल पास होता. मग तिच्या अंगावरचे केस फुंकून फुंकून सापाच्या दातांची खूण शोधली. काही नव्हतं. बाबा म्हणाले, "ऊन लागला असंल काल." त्यांनी आंब्याखाली खड्डा खणला, माती लोटली आणि वर मोठा दगड ठेवला. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

रडायला वेळ नव्हता, कारण करडी खात नव्हती. कोथिंबीर नाकाजवळ धरली तरी तोंड फिरवत होती. पेटीत एकही लेंडी नव्हती. ज्यांच्याकडे ससे नाहीत त्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण सशाच्या लेंड्या मोजणं म्हणजे त्याची नाडी बघणं. त्याचं पोट चालू राहिलं पाहिजे. ते थांबलं की एका दिवसात खेळ संपतो. फोनवर सगळीकडे तेच लिहिलेलं होतं. मी कारखान्यात कळवलं की घरात आजारी माणूस आहे, भाजीच्या टोपलीत करडीला ठेवलं, वर ओढणी बांधली आणि रिक्षा पकडली.

अंबरनाथ पूर्वेच्या दवाखान्यात डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी टोपलीत बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, सशाचं मी करत नाही. चुकून भलतंच औषध दिलं तर तुम्हीच उद्या भांडायला याल." भांडायला मी तेव्हाच तयार होते, पण त्यांचं बरोबर होतं. तिथून गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या माणसानं करडीला हातात घेतलं, हळूच, आणि म्हणाला, माझ्याकडच्या सुया बैलाच्या आहेत हो. त्यानंच सांगितलं की बदलापूरला एक मॅडम आहेत, त्या असे छोटे जीव बघतात, पण चारनंतर.

तेव्हा अकरा वाजले होते. काहीच सुचेना म्हणून मी उल्हासनगरच्या त्या दुकानदाराला फोन लावला, जिथून ससे आणले होते. एक मेली, एक खात नाही, काय देऊ, असं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, खरगोश तो डर से भी मर जाता है. नया जोडा दे दूँ?" मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. फोन आपटला. त्याच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी ऐकलं होतं.

बदलापूरच्या दवाखान्याच्या जिन्यावर मी साडेबारापासून बसून होते. टोपली मांडीवर. दर थोड्या वेळानं ओढणी बाजूला करून तिच्या पोटाला कान लावत होते. चांगल्या सशाच्या पोटात सारखी गुडगुड चालू असते. आत काहीच नव्हतं. जिन्यावरून येणारे-जाणारे लोक थांबून बघत होते, एका बाईनं विचारलंही, "क्या है उसमें, कछुआ?"  माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. नवरा सोडला, घर सोडलं, त्या घरातून मी आणलेलं जिवंत असं एवढंच काही होतं, आणि त्यातलंही अर्धं सकाळी मातीत घातलं. हीसुद्धा गेली तर मी काय वाचवून आणलं? देवाला मी फारसं बोलावत नाही. त्या जिन्यावर बोलावलं.

चार वाजता डॉक्टर आल्या. तरुण, बारीक, घाईत. पण करडीला त्यांनी ज्या रीतीनं पकडलं, त्यावरूनच मला धीर आला. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "पोट बंद पडलंय. बघू, प्रयत्न करू." इंजेक्शन दिलं. मग दुसरीचं विचारलं. जखम होती का? नाही. तोंडातून काही आलं होतं? नाही. काल खाल्लं होतं? हो, नीट. ऊन? नाही मॅडम, आंब्याखाली होत्या, रात्री गार होतं.

"रात्री जवळ काही आलं होतं?"

"नाही. मांजर येऊ नये म्हणून कुत्रा बांधला होता."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "किती लांब?"

"जवळच. जाळीला नाक लागेल एवढा."

"रात्रभर?"

मी मान हलवली. त्यांनी आवाज चढवला नाही, मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ताई, जाळी किती मजबूत आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिला कोण सांगणार? तिला फक्त एवढं दिसतं की हातभर अंतरावर कुत्रा आहे आणि आपल्याला पळता येत नाही. रात्रभर. हार्ट बंद पडतं. त्याला जखम लागत नाही."

मला धप धप ऐकू आलं. बाबा ज्याला नाच म्हणाले, ते. पांढरी रात्रभर पाय आपटून सांगत होती, आणि जिला सांगत होती ती भिंतीपलीकडे पंखा लावून झोपली होती.  मी टोपलीवरची ओढणी पुन्हा बांधली.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत या सगळ्याचा माझ्या पोटात राग झाला. माझं नेहमी असंच होतं. दुःख मला दुःखासारखं ठेवता येत नाही, त्याचा लगेच राग होतो, आणि रागाचा पत्ता ठरलेला असतो. जो सगळ्यात जवळ असेल तो. बाबा फाटकात उभेच होते. "काय बोलला डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या कुत्र्यानं मारली तिला," मी म्हटलं. "नुसतं बसून मारली. रात्रभर तोंडासमोर कुत्रा बघून तिचं काळीज फुटलं. आणि तू म्हणतोस नाचत होती! तुला कोंबड्यांच्या पलीकडं काही कळतं का बाबा? एवढी जाळी केली, एवढा चर खणला, आणि शेवटी मारणारं आपणच आणून बांधलं!" अजून बरंच बोलले. तोंडाचा पट्टा सुटला की मला थांबवता येत नाही. कुत्रा पायरीवरून उठून शेपटी खाली घालून बाबांच्या मागं जाऊन उभा राहिला.

बाबा एवढंच म्हणाले, "असा व्हय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "कोंबड्यांना तर कदी काय झाला नाय."

मी आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पुढचे दोन दिवस मी घरात असून नव्हते. दर दोन तासांनी करडीला टॉवेलात गुंडाळायचं, डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यात कालवून सुईविना पिचकारीनं तिच्या तोंडात सोडायची, थोडी थोडी, ठसका लागू न देता. मग पोट चोळायचं. मग खोलीत आणून ठेवलेल्या तिच्या पेटीत बघायचं. काही नाही. पुन्हा दोन तासांनी. अर्धं औषध माझ्या अंगावर सांडायचं. मी तिच्याशी बोलत होते, तिला धमक्या देत होते, पाया पडत होते. खिडकीला बाबांनी ओलं गोणपाट बांधलं होतं आणि ते सुकलं की कुणीतरी बाहेरून पुन्हा पाणी मारत होतं. दारात जेवणाचं ताट येत होतं. बाहेर शांत होतं. कुत्र्याचं भुंकणं नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. दोन दिवसांत मला एवढंही सुचलं नाही की कुत्रा भुंकत का नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीत तीन लेंड्या दिसल्या. मिऱ्याएवढ्या, सुकलेल्या, वेड्यावाकड्या. मी त्या तळहातावर घेऊन ओरडत बाहेर पळाले. "बाबा! लेंडी! लेंडी झाली!" बाबा पडवीत जेवत होते. त्यांनी माझ्या हाताकडे वाकून नीट बघितलं, सराफ बघतो तसं. "बरा झाला," म्हणाले. "वाचली आता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आणि तेव्हा मला दिसलं की पायरीवर दुसरी थाळी नाही. त्याची दोरी अडकवायचा खिळाही रिकामा होता.

"कुत्रा कुठं आहे?"

"कुळगावला. तुज्या आत्याकडं नेऊन दिला," बाबा म्हणाले. "तिचा भाजीचा वाफा हाय नदीकडं. राखनीला लागतो."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू दार लावलास ना, तवा."

"कसा नेलास?"

"रिक्षावाला कुत्र्याला घेईना. चालत नेला."

पालेगाव ते कुळगाव. त्या उकाड्यात. मी ओरडून दार लावल्यावर हा माणूस गुडघेदुखी घेऊन, बारा वर्षांच्या सोबत्याला दोरीनं धरून, मैलोगणती चालत गेला आणि एकटा परत आला. आणि परत आल्यावर त्यानं माझ्या खिडकीला गोणपाट बांधलं. माझ्या तळहातावर त्या तीन लेंड्या अजून होत्या. त्या कुठं ठेवाव्यात तेही मला कळेना.

"बाबा," मी म्हटलं, "जाळीजवळ बांध असं मीच सांगितलं होतं तुला."

"ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस? एवढं बोलत होते मी तुला. सांगायचं ना!"

बाबांनी ताटातला शेवटचा घास पुरा केला. ताटात हात धुतला. मग म्हणाले, "तू आदीच केवडा काय घेऊन आलीस घरात. त्यात आनि यो कुठं ठेवनार व्हतीस?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या रिक्षानं आम्ही कुळगावला गेलो, कुत्र्याला बसू देणार असं आधी कबूल करून घेऊन. आत्या दारातच उभी होती, तोंड पाडून. आदल्या रात्री त्यानं दोरी चावून तोडली होती. तोडलेलं टोक तिनं आणून दाखवलं. बाबांनी ते हातात घेतलं आणि खिशात ठेवलं.

आम्ही शोधलं. नदीचा काठ, भाजीबाजार, मटणाच्या दुकानांचा मागचा भाग. कामावरून सुटले की मी रोज तिकडं. दिसेल त्या काळ्या कुत्र्याला आमची हाक मारून बघत होते. गल्लीतली कुत्री परक्या कुत्र्याला टिकू देत नाहीत, हाकलत हाकलत भलतीकडे नेऊन सोडतात, असं एका दुकानदारानं सांगितलं. मी ते घरी बोलले नाही. फोटो दाखवावा म्हटलं तर फोटोही नव्हता. माझ्या फोनमध्ये पांढरी-करडीचे शेकडो फोटो. एका फोटोत मागच्या बाजूला त्याची शेपटी तेवढी आली आहे.

महिना गेला. पाऊस आला आणि गेला. मी एकदा बाबांना म्हटलं, दुसरं पिल्लू आणूया का. ते म्हणाले, "कनाला? वाट ठाव हाय त्याला. चालत नेला ना मी. रिक्षानं नेला असता तर हुकला असता."

आता पुन्हा उन्हाळा आहे. करडी आहे. एकटी आहे, थोडी म्हातारी झाली आहे, पांढरीच्या जागेकडे तोंड करून बसते. रात्री मी तिला बाहेर ठेवत नाही. पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवते, बॅटरीचा पंखा लावते. ती जाळी अंगणात तशीच उभी आहे, रिकामी, दोन्ही कड्या लावलेली. झोपण्यापूर्वी मी घरभर फिरते. गॅस, मोरीची खिडकी, मागचं दार, सगळं हात लावून बघते. सगळ्यात शेवटी अंगणात जाते. फाटकाला मी बसवलेली ती नवी कडी बाबा रोज संध्याकाळी काढून ठेवतात आणि वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली वीट लावतात. मी वीट जागेवर आहे ना ते पायानं चाचपते, फाटक पूर्ण उघडं आहे ना ते हात लावून बघते, आणि मग आत येते.